‘काउन्सेलिंग घेतलं का?’ – एका प्रश्नाची चिकित्सा



लिटरेचर रिव्ह्यूवरचा लेख वाचून एका वाचक मैत्रिणीनं मला तिचा सिनॉप्सिस पाठवला. पेट पास झाली आहे, आता आरआरसीसमोर प्रेझेंटेशन द्यायचं आहे. विषय असा : परदेशात एमबीबीएस करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक आणि मानसिक समुपदेशनाची गरज. विषय चांगलाच आहे. पण तिनं वाचलेले वीस-बावीस पेपर आणि तिचा स्वतःचा सिनॉप्सिस, सगळे एकाच साच्यातून काढलेल्या गणपतींसारखे दिसत होते. रंग वेगळा, मूर्ती तीच.

हा साचा तुम्हीही पाहिला असेल. पहिल्या परिच्छेदात ‘वैद्यकीय शिक्षण हे अत्यंत तणावपूर्ण असते’. दुसऱ्यात घरापासून दूर, नवी भाषा, नवं हवामान, नवं जेवण. मग एक तयार स्केल, एक गूगल फॉर्म, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवलेली लिंक. मग टक्केवारी. मुलं-मुली आणि पहिलं वर्ष-शेवटचं वर्ष यांच्यात काय-स्क्वेअर टेस्ट. आणि शेवटचं वाक्य : ‘संस्थांनी समुपदेशन केंद्र सुरू करावे’.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे शेवटचं वाक्य आधीच्या अभ्यासातून निघतच नाही. ते अभ्यास सुरू व्हायच्या आधीच लिहून तयार असतं. आणि हे मी वरच्या पायरीवर उभं राहून सांगत नाहीये. असाच एक अभ्यास मी स्वतः केला आहे. त्यात काय चुकलं ते खाली सांगणार आहे, पण आधी या विषयातल्या सगळ्यात लाडक्या आकड्याकडे बघू.

२७.२ आणि २७.८ : जुळे नसलेले आकडे

या विषयावरचा कुठलाही पेपर उघडा, पहिल्या पानावर तुम्हाला २७.२ टक्के हा आकडा भेटेल. लिसा रोटेनस्टीन आणि सहकाऱ्यांचा हा मेटा-ॲनालिसिस डिसेंबर २०१६ मध्ये ‘जामा’मध्ये आला. ४३ देशांतले अभ्यास, एक लाख बावीस हजारांहून जास्त वैद्यकीय विद्यार्थी. निष्कर्ष : २७.२ टक्के विद्यार्थ्यांमध्ये डिप्रेशन किंवा डिप्रेशनची लक्षणं.

काम मोठं आहे आणि नीट केलेलं आहे. पण त्याच सारांशात, त्याच ओळीच्या शेजारी, आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत आणि त्या कोणी उद्धृत करत नाही. एक म्हणजे आय-स्क्वेअर ९८.९ टक्के. साध्या भाषेत सांगायचं तर वेगवेगळ्या अभ्यासांच्या आकड्यांत जो फरक दिसतो, तो जवळजवळ सगळा योगायोगाचा नाही. ते अभ्यास खरोखरच वेगवेगळं काहीतरी मोजत आहेत. दुसरी म्हणजे कुठल्या साधनानं मोजलं यावर उत्तर ९.३ पासून ५५.९ टक्क्यांपर्यंत फिरतं. म्हणजे स्केल बदला, आकडा सहापट होतो. मग ‘२७.२’ ला दशांश चिन्हानंतरच्या दोनासकट छातीशी धरून बसण्यात काय अर्थ आहे?

आता दुसरा आकडा. एनएमसीच्या म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यात पदवी घेणाऱ्या २५,५९० विद्यार्थ्यांची ऑनलाइन उत्तरं होती, आणि २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. माझ्या मैत्रिणीनं लिहिलं होतं : ‘जागतिक प्रमाण २७.२ आणि भारतातील प्रमाण २७.८, म्हणजे निष्कर्ष सुसंगत आहेत.’

वाचायला किती गोड वाटतं! पण पहिला आकडा स्केलवरच्या गुणांतून आला आहे आणि दुसरा विद्यार्थ्यानं स्वतःहून ‘मला आजार आहे’ म्हणण्यातून. एक ताप थर्मामीटरनं मोजला, दुसरा कपाळाला हात लावून आणि तोही ज्यांना सांगावंसं वाटलं त्यांचाच. दोन्ही उपयोगी आहेत. पण ते एकमेकांना दुजोरा देत नाहीत. शिवाय कृती दलाचा तो सर्व्हे देशातल्या विद्यार्थ्यांचा होता. परदेशातल्या आपल्या विद्यार्थ्यांबद्दल लिहिताना तो आकडा सरळ उचलता येत नाही.

मी सिनॉप्सिस लिहीत असते तर रोटेनस्टीनच्या पेपरमधला तिसराच आकडा उचलला असता. ज्यांच्यात डिप्रेशनची लक्षणं आढळली, त्यांच्यापैकी मानसोपचाराची मदत किती जणांनी घेतली? १५.७ टक्के. ९५४ पैकी ११०. सॅम्पल लहान आहे, मान्य. पण खरा संशोधनाचा प्रश्न इथे दडलेला आहे : उरलेले का गेले नाहीत? केंद्र नव्हतं म्हणून? की केंद्र होतं आणि तरी गेले नाहीत? पहिल्या कारणासाठी केंद्र सुरू करणं हे उत्तर आहे. दुसऱ्यासाठी नाही. टक्केवारी कितीही अचूक काढली तरी ती या दोघांतला फरक सांगत नाही.

दहा गुण म्हणजे आजार नव्हे

बहुतेक जण जे स्केल वापरतात ते पीएचक्यू-नऊ. २००१ मध्ये क्रोएन्की, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी ते अमेरिकेतल्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांवर तपासलं. नऊ प्रश्न, ‘गेल्या दोन आठवड्यांत’ किती वेळा असं झालं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले की पुढची तपासणी करा. या दहाच्या रेषेवर सेन्सिटिव्हिटी ८८ टक्के आणि स्पेसिफिसिटीही ८८ टक्के, असं त्यांना आढळलं.

वही घ्या, एक छोटं गणित करू. धरून चालू की एका कॉलेजात १,००० विद्यार्थी आहेत आणि त्यांतल्या १०० जणांना खरोखर डिप्रेशन आहे. स्केल त्यांतल्या ८८ जणांना पकडेल. उरलेल्या ९०० निरोगी विद्यार्थ्यांपैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जणांनाही ते चुकून पकडेल. एकूण पकडलेले १९६. आपला पेपर छापून येईल : ‘१९.६ टक्के विद्यार्थ्यांना डिप्रेशन’. खरं प्रमाण होतं १०. आणि पकडलेल्या १९६ जणांपैकी निम्म्याहून जास्त जणांना तो आजारच नाही.

यात स्केलचा दोष नाही. ते चाळणी म्हणून बनवलं आहे, चाळून वर राहिलेल्यांना डॉक्टरनं बघायचं असतं. आपण काय करतो, चाळणीत जे राहिलं त्याचंच वजन करतो आणि घरी जातो.

शिवाय प्रश्न बघा. झोप, थकवा, भूक, एकाग्रता. आता डोळ्यासमोर आणा : बिश्केकच्या होस्टेलमधला पहिल्या वर्षाचा मुलगा, जानेवारीची थंडी, मेसमधलं जेवण घशाखाली उतरत नाही, चार दिवसांवर ॲनाटॉमीची परीक्षा. त्याची झोप, भूक, एकाग्रता कशी असणार? तो दहाच्या पुढे सहज जाईल. याच मुलाला परीक्षेनंतर तीन आठवड्यांनी फॉर्म दिला तर? म्हणून पेपर वाचताना पहिली गोष्ट शोधा : डेटा कोणत्या महिन्यात गोळा केला आणि तेव्हा परीक्षा कधी होती? अनेक पेपरांत हे लिहिलेलंच नसतं. तुमच्या पेपरात लिहा.

‘हो, घेतलं. औरंगाबादला.’

आता माझी गोष्ट.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि बंकरमधून व्हिडिओ कॉल करणारी आपली मुलं रोज टीव्हीवर दिसू लागली. मी तेव्हा एमएस्सी सांख्यिकीच्या शेवटच्या सेमिस्टरला होते. प्रोजेक्टला विषय शोधत होते. माझा मावसभाऊ किर्गिझस्तानात, बिश्केकला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता. म्हटलं, डेटा घरातच आहे की! त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फॉर्म फिरवला. पीएचक्यू-नऊ आणि सोबत माझे दहा-बारा प्रश्न. त्यातला एक : ‘परदेशात आल्यापासून किंवा येण्यापूर्वी तुम्ही काउन्सेलिंग घेतलं आहे का?’

‘हो’ म्हणणारे इतके निघाले की मी चक्रावले. मी उत्साहात निष्कर्षही लिहून टाकला : समुपदेशन घेऊनही लक्षणं कमी होत नाहीत, म्हणून समुपदेशनाचा दर्जा सुधारण्याची गरज आहे. मग सहज भावाला विचारलं, ‘अरे, तुमच्याकडे एवढी मुलं काउन्सेलिंगला जातात?’ तो म्हणाला, ‘ताई, काउन्सेलिंग तर सगळेच करतात. मी पण केलं ना, औरंगाबादला. त्या सरांनीच तर ॲडमिशन करून दिली.’

लक्षात आलं ना? आपल्याकडे नीट देणाऱ्या मुलासाठी ‘काउन्सेलिंग’ म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या. त्यात नंबर लागला नाही की मग ‘काउन्सेलर’ म्हणजे परदेशी कॉलेजची माहितीपत्रकं टेबलावर मांडून बसलेला एजंट. मानसिक त्रासासाठी कोणाशी बोलणं हा त्या शब्दाचा तिसरा अर्थ, आणि बारावीतून थेट विमानात बसलेल्या मुलाच्या कानावर तो कदाचित आलेलाही नसतो. मी विचारलं एक, त्यांनी उत्तर दिलं दुसऱ्याचं. आणि काय-स्क्वेअरला यातलं काही कळत नाही. तिला आकडे दिले की ती पी-व्हॅल्यू देते.

यावर उपाय महागडा नाही. मुख्य फॉर्म पाठवण्याआधी पाच-सहा जणांना समोर किंवा फोनवर घेऊन एकेक प्रश्न वाचायचा आणि विचारायचं, ‘यातून तुला काय कळलं? तुझ्या शब्दांत सांग.’ दोन संध्याकाळींचं काम. मी ते केलं नाही, कारण सबमिशनला सहा आठवडे होते.

‘सहा महिन्यांत सगळं ठीक होतं’

परदेशी विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाबद्दल जे काही छापलं जातं, त्यात एक वक्ररेषा हमखास असते. यू आकाराची. सुरुवातीला नव्याची नवलाई, मग घसरण, मग हळूहळू रुळणं. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांच्या १९६० च्या ‘कल्चर शॉक’वरच्या लेखाशी ती जोडली जाते. त्याच्याही आधी, १९५५ मध्ये, नॉर्वेचे स्व्हेर लिसगार्ड यांनी ती मांडली होती.

लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट अभ्यासकांच्या मुलाखती घेतल्या. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले, सहा ते अठरा महिने राहिलेले आणि त्याहून जास्त राहिलेले, असे गट पाडले. मधला गट सगळ्यात कमी रुळलेला निघाला. आता प्रश्न तुम्हाला : यात एकाच माणसाला वेगवेगळ्या वेळी विचारलं का? नाही. वेगवेगळ्या माणसांना एकेकदा विचारलं. त्यातून काळाबरोबर वर-खाली होणारी रेषा काढली गेली. क्रॉस-सेक्शनल डेटातून काळाची गोष्ट सांगण्याचं हे अगदी पुस्तकात घालावं असं उदाहरण आहे.

१९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला आलेल्या ३५ जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर पाठपुरावा केला, पहिली तपासणी पोचल्यानंतर चोवीस तासांत. नव्याची नवलाई सापडलीच नाही. त्रास सर्वांत जास्त पहिल्याच दिवशी होता, नंतर कमी झाला. ३५ म्हणजे फार नाहीत. पण त्याच मुलांना पुन्हा पुन्हा विचारलं होतं.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण असं की अशी रेषा पुस्तकात राहत नाही. ती सल्ला बनून बाहेर पडते. ‘सुरुवातीला सगळ्यांनाच होतं, सहा महिन्यांत ठीक होईल’ हे सीनियर सांगतात, एजंट सांगतो, आई-बाबा फोनवर सांगतात. पहिल्याच आठवड्यात कोलमडलेल्या मुलाला वाटतं, आता तर मजेचे दिवस असायला हवेत, माझंच काहीतरी बिघडलंय. आणि तिसऱ्या वर्षी कोलमडणाऱ्याला तर रेषेत जागाच नाही.

तिसऱ्या वर्षी काय होतं?

तिसऱ्या वर्षाच्या आसपास मुलं वॉर्डात जायला लागतात. वर्गात इंग्रजीतून शिकवतात, पण खाटेवरचा पेशंट रशियन नाहीतर किर्गिझ बोलतो. ‘कुठे दुखतंय, कधीपासून’ हे विचारता आलं नाही तर हिस्टरी कशी घेणार? भाऊ सांगायचा की पुस्तकातलं सगळं येतं, पण पेशंटसमोर उभं राहिलं की आपण मुके. हा त्रास शैक्षणिक म्हणायचा की मानसिक? माझ्या फॉर्ममध्ये ‘शैक्षणिक अडचणी’ आणि ‘मानसिक अडचणी’ असे दोन वेगळे विभाग होते. त्याचं मुकेपण कुठल्या विभागात भरायचं हे त्यालाही कळलं नसणार.

माझ्या मते या विषयावरच्या लिखाणाची सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. या विद्यार्थ्याच्या बाबतीत शैक्षणिक आणि मानसिक समुपदेशन वेगळं करताच येत नाही, कारण त्याचा सगळ्यात जड प्रश्न दोन्हींत पाय रोवून उभा असतो : ‘मी हे सोडू का?’

या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर समोरच्याला काय काय माहीत हवं बघा. एनएमसीचे १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम : किमान ५४ महिन्यांचा कोर्स, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, कोर्स सुरू केल्यापासून १० वर्षांची मुदत, आणि सगळं शिक्षण एकाच संस्थेत. त्यानंतर भारतात एफएमजीई, ३०० पैकी १५० गुण लागतात, आणि गेल्या काही वर्षांत बहुतेक वेळा निकाल तीस टक्क्यांच्या आतच लागला आहे. मग भारतात पुन्हा इंटर्नशिप. आता तिकडचा समुपदेशक प्रेमानं म्हणाला, ‘एक वर्ष विश्रांती घे’ किंवा ‘हे कॉलेज मानवत नसेल तर बदल’, तर हा सल्ला मनासाठी कितीही योग्य असला तरी भारतात त्याची किंमत काय पडेल हे त्याला ठाऊक नसतं. इकडच्या समुपदेशकाला नियम कळतील, पण ते कॉलेज, ती भाषा, तो वॉर्ड कळणार नाही. मुलगा दोघांच्या मधल्या खड्ड्यात.

कॉलेजनंच समुपदेशक नेमला तर आणखी एक पेच. जे डीन ऑफिस नापास झाल्यावर घरी पाठवू शकतं, त्याच इमारतीत शेजारच्या खोलीत जाऊन ‘मला जगावंसं वाटत नाही’ हे कोण सांगेल? व्हिसा कॉलेजच्या पत्रावर अवलंबून, घरच्यांनी कर्ज काढलेलं. तो न जाण्याचं ठरवतो तेव्हा आपण पेपरात ‘जागरूकतेचा अभाव’ लिहितो. मला तर ते चांगलंच जागरूक वागणं वाटतं.

आणि ‘इंटरनॅशनल’ या एका शब्दात आपण कोणाकोणाला कोंबतो! युक्रेनहून सुमारे अठरा हजार भारतीय विद्यार्थी परत आले, त्यांचा कोर्स अर्ध्यात तुटला. चीनमध्ये शिकणारी मुलं कोविडमुळे दोन वर्षांहून जास्त काळ इथे घरात बसून ऑनलाइन मेडिकल शिकली. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर हल्ले केले. पहिल्याला नियमातली वाट हवी, दुसऱ्याला हाताखालून गेलेले पेशंट हवेत, तिसऱ्याला रात्री दाराला कडी हवी. तिघांची सरासरी काढून येणारे पीएचक्यूचे गुण नेमके कोणाचे?

नववा प्रश्न

हे सगळं मेथडॉलॉजीबद्दल झालं. आता जे लिहायला मला तीन वर्षं लागली ते लिहिते.

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. माझ्या एक्सेल शीटमध्ये एका ओळीत तिथे ३ होते. ३ म्हणजे ‘जवळजवळ रोज’. शेवटच्या मोकळ्या रकान्यात त्या व्यक्तीनं रोमन लिपीतल्या मराठीत एवढंच लिहिलं होतं की घरी सांगू नका.

घरी सांगू नका. कोणाला सांगणार होते मी? फॉर्म निनावी होता. नाव, ईमेल, काही नाही. उत्तर येऊन अकरा दिवस झाले होते, कारण मी डेटा ‘पूर्ण गोळा झाल्यावरच’ उघडायचा असं ठरवलं होतं. मी भावाला फोन केला, त्यानं ग्रुपवर मेसेज टाकला की कोणाला बोलायचं असेल तर मी आहे. कोणी बोललं नाही. ती ओळ कोणाची होती हे मला आजपर्यंत माहीत नाही. विश्लेषणात ती २७.२ सारख्याच एका टक्केवारीत मिसळून गेली. व्हायव्हात त्यावर एकही प्रश्न आला नाही आणि मला चांगले मार्क पडले.

आमच्याकडे एमएस्सीचे प्रोजेक्ट एथिक्स कमिटीकडे पाठवायची पद्धत नव्हती. पण ते कारण सांगून मी सुटत नाही. आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ पासून छापलेली आहेत, ती मी वाचली नव्हती. त्या माणसाला मी एक प्रश्न विचारला, त्यानं खरं उत्तर दिलं, आणि त्या उत्तराचं काय करायचं हे मी ठरवलेलंच नव्हतं. समुपदेशनाच्या गरजेवर संशोधन करणारी मी, आणि माझ्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर एकही फोन नंबर नव्हता. ‘आपल्या सहभागाबद्दल धन्यवाद’ होतं.

म्हणून सांगते, नववा प्रश्न विचारणार असाल तर आधी तीन गोष्टी ठरवा. उत्तरं रोज कोण बघणार? ३ आले तर त्याच दिवशी काय करणार? त्या देशातून, त्या मुलाच्या भाषेत, फोन उचलणारं कोण आहे? निनावी फॉर्ममध्येही ‘माझ्याशी संपर्क साधा’ असा ऐच्छिक रकाना ठेवता येतो. तिन्हींची उत्तरं नसतील तर तो प्रश्न काढून टाका किंवा अभ्यास पुढे ढकला. त्यामुळे तुमचा पेपर कमजोर होणार नाही.

मग करायचं काय?

मैत्रिणीला मी टक्केवारीचा अभ्यास सोडून द्यायला सांगितला. ‘किती जण?’ या प्रश्नाला भरपूर उत्तरं आहेत. तिला सुचवलं की पंधरा-वीस विद्यार्थ्यांशी नीट, मराठीत, तास-तास बोल. शेवटचं कधी सोडून द्यावंसं वाटलं? तेव्हा सगळ्यात आधी कोणाला फोन केला? त्यानं काय सांगितलं? त्यानंतर काय केलंस? मला वाटतं अशा बोलण्यात सीनियर, रूममेट, मेसवाल्या काकू अशी माणसं पुढे येतील, जी आज कुठलंही पद नसताना समुपदेशन करत आहेत. त्यांना काय माहीत असायला हवं, हा कदाचित नव्या केंद्रापेक्षा उपयोगी प्रश्न ठरेल. ठरणार नाही हेही शक्य आहे. म्हणून तर संशोधन करायचं.

आणि हस्तक्षेपाचा अभ्यास करायचा असेल तर स्टुअर्ट स्लाव्हिन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा ‘ॲकॅडेमिक मेडिसिन’मधला पेपर वाचा. अमेरिकेतल्या सेंट लुइस विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलनं सुरुवातीच्या वर्षांत श्रेणी काढून फक्त पास-नापास ठेवलं, तासिका कमी केल्या, विद्यार्थ्यांचे छोटे गट केले, ताण हाताळण्याचं प्रशिक्षणही दिलं. आधीच्या तुकड्यांच्या तुलनेत डिप्रेशन आणि चिंतेची लक्षणं कमी झाली. टीका करायला जागा आहे : एकच कॉलेज, तुलना जुन्या तुकड्यांशी, आणि कशामुळे किती फरक पडला ते वेगळं सांगता येत नाही. विद्यार्थीही परदेशी नव्हेत. पण त्यांनी एक धाडस केलं. मुलाला दुरुस्त करायला पाठवण्याआधी वेळापत्रकाला हात घातला. आपल्या पेपरांच्या शेवटच्या वाक्यात वेळापत्रक, फी, भाषा, नियम यांतलं काहीच नसतं.

साच्यातले पेपर लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही. सेमिस्टर चार महिन्यांचं, पैसे शून्य, गाइडला पब्लिकेशन हवं, गूगल फॉर्म फुकट. मीही त्यातच होते. फक्त एवढं करा : शेवटचं वाक्य लिहून झालं की मागे जा आणि शोधा, आपल्या कोणत्या तक्त्यातून ते आलं? तक्ता सापडला नाही तर वाक्य खोडा.

मैत्रिणीचा नवा सिनॉप्सिस कालच आला. ‘समुपदेशन केंद्र सुरू करावे’ गेलंय. त्याजागी प्रश्नचिन्ह असलेलं एक वाक्य आहे आणि शेवटी एका पानाचा ‘संकटप्रसंगीची योजना’ असा मजकूर. आरआरसीत काय होतं ते कळवेन.

आणि हो, हा लेख वाचताना तुमच्यापैकी कोणाला नवव्या प्रश्नापाशी थांबावंसं वाटलं असेल, तर भारतात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं. पीएचडी करणाऱ्यांनाही.

भेटू पुढच्या लेखात.